पदवीच्या जोडीला स्वाध्याय

कार्तिक शुद्ध पंचमीला दोन नावे आहेत. दिवाळीच्या सुटीनंतर पेढ्या पुन्हा उघडतात आणि नव्या वहीत व्यवहाराची पहिली नोंद होते, म्हणून व्यापारी तिला लाभपंचमी म्हणतात. त्याच दिवशी श्वेतांबर परंपरेतील घरांत व ज्ञानभांडारांत ग्रंथांचे पूजन होते, म्हणून तीच ज्ञानपंचमी. दिगंबर परंपरेत हा मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आहे. षट्खंडागमाची रचना पूर्ण होऊन श्रुत लिपिबद्ध झाले, त्या घटनेचे स्मरण श्रुतपंचमीला केले जाते. तिथी भिन्न असल्या तरी आशय एक आहे. ज्या समाजाची उपजीविका वहीवर चालते, त्याने पोथीलाही तोच आदर द्यावा, असा हा संस्कार आहे.

या पूजनामागे एक व्यावहारिक शहाणपणही होते. पावसाळ्याच्या दमट हवेत ताडपत्रे व कागद खराब होतात. वर्षातून एकदा पोथ्या उघडाव्यात, झाडून-पुसून त्यांना हवा द्यावी आणि मग नव्या वेष्टनात बांधाव्यात, हा त्या दिवसाचा खरा उद्योग. आज पूजा राहिली आहे, उघडणे मात्र कमी झाले आहे. हीच गोष्ट अनेक घरांतील पदव्यांविषयीही म्हणता येईल. प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लागते, विवाहाच्या परिचयपत्रात त्याचा उल्लेख येतो, आणि ज्या विषयाची ती पदवी असते त्याचे पुस्तक पुन्हा कधी उघडले जात नाही.

पदवी की पेढी?

बारावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. मुलाला पुढे शिकवावे की दुकानात बसवावे? एक पक्ष म्हणतो की पदवीवाचून आज कोणी विचारत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की आजोबा चौथीपर्यंत शिकले आणि त्यांनी बाजारात नाव काढले. तीन वर्षे महाविद्यालयात घालवून मुलाच्या हाती काय येणार? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच वाद संपत नाही.

हा वाद ज्या गृहीतकावर उभा आहे, तेच मुळात तपासले पाहिजे. शिकणे म्हणजे कोणीतरी शिकवणे, मग ते प्राध्यापकांनी असो वा मुनीमजींनी, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. शिकणाऱ्याने स्वतः विषय निवडावा, स्वतः साधने शोधावीत, स्वतःची परीक्षा स्वतः घ्यावी, ही तिसरी वाट या चर्चेत येतच नाही. वास्तविक या वाटेला जैन परंपरेत प्राचीन नाव आहे: स्वाध्याय. सहा अभ्यंतर तपांत त्याची गणना होते. उपवास, एकासन यांसारखी बाह्य तपे समाजात उत्साहाने होतात, त्यांच्या अनुमोदनेचे फलकही लागतात. स्वाध्यायाचा फलक लागत नाही, कारण तो दिसत नाही.

येथे एक मर्यादा आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. शास्त्रातील स्वाध्यायाचे प्रयोजन आत्मशुद्धी व कर्मनिर्जरा हे आहे, अर्थार्जन नव्हे. लौकिक विद्येचा अभ्यास म्हणजे तोच स्वाध्याय, असे म्हणणे योग्य होणार नाही. परंतु स्वतः शिकण्याची जी शिस्त आचार्यांनी सांगितली, ती लौकिक अभ्यासालाही पथ्यकर आहे. ती पद्धत उसनी घेण्यात अनादर नाही.

पदवीचे महत्त्व कमी लेखण्याचेही कारण नाही. महाविद्यालय विषयाला क्रम देते. काय आधी शिकावे, काय नंतर, हे नवख्याला स्वतः ठरवता येत नाही. ते परीक्षा घेते, आणि परीक्षा घेणारा परका असतो; म्हणून त्याच्या निकालावर तिसरा माणूस विश्वास ठेवतो. ते वेगळ्या घरांतील, वेगळ्या जातींतील, वेगळ्या विचारांचे सोबती देते. आणि काही क्षेत्रांत तर तिच्यावाचून दारच उघडत नाही. डॉक्टर, वकील यांना घरी बसून वाचन करून व्यवसायाचा परवाना मिळत नाही, आणि तो मिळू नये हेच समाजाच्या हिताचे आहे.

तथापि पदवी एका दिवसाची साक्ष देते. अमुक वर्षी अमुक अभ्यासक्रम या व्यक्तीस येत होता, एवढेच ती सांगते. पुढची चाळीस वर्षे ती व्यक्ती शिकत राहील की नाही, याविषयी ती मौन बाळगते. ते मौन भरून काढण्याचे काम स्वाध्यायाचे आहे.

पेढीवरची शाळा

व्यापारी घराण्यांनी एक समांतर विद्यालय पिढ्यान्‌पिढ्या चालवले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत झाल्यावाचून मुलाला गादीजवळ जागा मिळत नसे. मग रोजमेळ, त्यातून खतावणी, त्यानंतर हुंडीचे व्यवहार, मालाची पारख आणि शेवटी माणसाची पारख, असा तो चढता अभ्यासक्रम होता. त्याला पाठ्यपुस्तक नव्हते, परंतु रोज संध्याकाळी रोकड जुळवण्याची परीक्षा मात्र चुकत नसे.

या शाळेचा एक दोष होता. ती जे ठाऊक आहे तेच शिकवी. बाजाराची रीत बदलली की शिकवणाराच अडखळे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा हा दोष गावोगावी दिसला. ज्यांनी तीस-चाळीस वर्षे विक्रीकर व व्हॅटचे हिशेब सांभाळले, त्यांच्यासमोर मालाचे सांकेतिक क्रमांक, इनपुट टॅक्स क्रेडिट, ऑनलाइन विवरणपत्रे हे सारे एकदम आले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०१८ पासून, आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिलही आले.

त्या काळात दोन प्रकारची दुकाने दिसून आली. एका प्रकारच्या दुकानात सारे काही कर सल्लागारावर सोपवले गेले आणि मालकाला स्वतःच्या कराचा आकडा महिनाअखेरीस दुसऱ्याकडून कळू लागला. दुसऱ्या प्रकारच्या दुकानात पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे रात्री मुला-नातवांजवळ बसून संगणकावर विवरणपत्र कसे भरावे ते शिकली. त्यांनी सल्लागार सोडला नाही. त्याला नेमके प्रश्न विचारण्याची योग्यता मिळवली. यांच्याजवळ त्या विषयाची पदवी नव्हती, शिकवणी नव्हती. गरज होती, चिकाटी होती, आणि आपल्याला येत नाही हे लहानांसमोर कबूल करण्याचा विनय होता. सहा अभ्यंतर तपांच्या क्रमात स्वाध्यायाच्या आधी विनय येतो, याचे मर्म अशा प्रसंगी कळते.

अमरावतीचा धडा

पदवी आणि स्वाध्याय एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे, आणि ते श्रुतपंचमीशी थेट निगडित आहे.

षट्खंडागम आणि त्यावरील आचार्य वीरसेनांची ‘धवला’ ही विशाल टीका शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत जतन होऊन होती. पोथ्यांचे दर्शन होई, अध्ययन होत नसे. विसाव्या शतकात त्यांच्या प्रती तयार होऊन बाहेर आल्या, तेव्हा प्रश्न उभा राहिला की हा ग्रंथ संपादन करून छापणार कोण?

विद्यापीठीय पद्धतीत शिकलेल्या विद्वानाला पाठभेद कसे नोंदवावेत, प्रस्तावना कशी लिहावी, सूची कशी करावी हे ठाऊक होते. परंतु कर्मसिद्धांताची ती सूक्ष्म परिभाषा कोणत्याही महाविद्यालयात शिकवली जात नव्हती. ती परिभाषा पाठशाळांतून तयार झालेल्या व आयुष्यभर स्वाध्याय करणाऱ्या पंडितांना अवगत होती. पण आधुनिक संपादनाची शिस्त त्यांच्या शिक्षणात नव्हती. दोघांपैकी कोणीही एकट्याने हे कार्य पार पाडू शकला नसता.

अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हीरालाल जैन यांनी हा मेळ घातला. पंडित फूलचंद्र सिद्धान्तशास्त्री, पंडित हीरालाल शास्त्री, पंडित बालचंद्र शास्त्री यांच्यासारखे जाणकार त्यांच्या सोबत बसले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राकृतचे प्राध्यापक डॉ. आ. ने. उपाध्ये यांचेही साहाय्य लाभले. द्रव्य दिले ते विदिशेचे व्यापारी श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या नावे स्थापन झालेल्या साहित्योद्धारक निधीने. १९३९ साली अमरावतीहून पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि सुमारे वीस वर्षांत सोळा खंडांचे काम पूर्णत्वास गेले.

या कार्याचे तीन आधार होते: प्राध्यापकाची पदवी, पंडितांचा स्वाध्याय आणि व्यापाऱ्याचे दान. समाजाच्या स्मरणात बहुधा दानाचा शिलालेख राहतो. परंतु पहिल्या दोहोंची गाठ पडली नसती, तर ते दान कोठे खर्चावे हेही कळले नसते.

अशीच गाठ मुंबईतही पडली. मध्य प्रदेशातील देवरी या गावचे नाथूराम प्रेमी १९०१ साली एका जैन संस्थेत कारकून म्हणून मुंबईस आले. महाविद्यालयाचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. कारकुनी सांभाळून ते संस्कृत शिकले. बंगाली, मराठी, गुजराती आत्मसात केली. हिंदी ग्रंथरत्नाकर ही नामांकित प्रकाशनसंस्था उभी केली आणि जैन साहित्याच्या इतिहासावर प्रमाणभूत मानले जाणारे लेखन केले. माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेचे काम ते पाहत. त्याच ग्रंथमालेत १९३८ साली ‘वरांगचरित’ हे प्राचीन संस्कृत काव्य प्रसिद्ध झाले आणि त्याचे संपादक होते डॉ. उपाध्ये. एकाकडे विद्यापीठाची पदवी होती, दुसऱ्याकडे नव्हती. ग्रंथाच्या वाचकाला त्या भेदाने काहीही उणे पडले नाही.

नेत्रांवाचून वाचन

स्वाध्याय या शब्दामुळे एक गैरसमज होतो. एकट्याने खोलीत बसून केलेला अभ्यास म्हणजे स्वाध्याय, असे अनेकांना वाटते. पंडित सुखलालजी संघवी यांचे जीवन हा गैरसमज पुरता दूर करते.

त्यांचा जन्म १८८० साली सौराष्ट्रातील लिमली गावी, व्यापारी कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षी देवीच्या रोगात दोन्ही डोळे गेले. दुकान, प्रवास, विवाह, साऱ्या ठरलेल्या वाटा बंद झाल्या. गावात येणाऱ्या साधु-साध्वींकडून ऐकणे आणि ऐकलेले पाठ करणे, एवढेच हाती उरले. त्या बळावर ते १९०४ मध्ये काशीच्या यशोविजय जैन पाठशाळेत पोहोचले, पुढे नव्यन्यायासाठी मिथिलेत गेले. गुजरात विद्यापीठात पंडित बेचरदास दोशींसमवेत त्यांनी सिद्धसेन दिवाकरांच्या ‘सन्मतितर्क’ या ग्रंथाचे पाच भागांत संपादन केले. १९३३ साली, बी.ए., एम.ए. अशी कोणतीही पदवी नसलेल्या या प्रज्ञाचक्षू पुरुषाला काशी हिंदू विश्वविद्यालयाने जैन दर्शनाचे अध्यापक म्हणून आमंत्रित केले. १९५८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले.

सुखलालजींना एक ओळही स्वतः वाचता येत नव्हती. प्रत्येक पान कोणीतरी वाचून दाखवले, प्रत्येक वाक्य कोणीतरी लिहून घेतले. त्यांचे होते ते काय? काय वाचायचे याची निवड त्यांची होती. कोठे थांबायचे, काय पुन्हा ऐकायचे, कोणती शंका कोणापुढे मांडायची, हा निर्णय त्यांचा होता. स्वाध्यायातील ‘स्व’ तो हाच. अभ्यास अनेकांच्या साहाय्याने होतो, दिशा मात्र स्वतः ठरवावी लागते.

आणि हेही लक्षात घेतले पाहिजे की त्यांच्या विद्वत्तेचा पुढच्या पिढ्यांना लाभ झाला तो विश्वविद्यालयाने त्यांना आसन दिले म्हणून. तेथे त्यांच्यानंतर पंडित दलसुख मालवणिया यांनी ती परंपरा पुढे चालवली. स्वाध्यायाने विद्वान घडला, संस्थेने विद्या टिकवली.

पाच अंगे, एक वही

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. उत्तराध्ययनात शब्द थोडे भिन्न आहेत, क्रमही किंचित वेगळा आहे, आशय तोच. ही पद्धत आजच्या विद्यार्थ्याला कशी उपयोगी पडेल, हे एका साध्या प्रश्नावरून पाहता येईल.

समजा, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीला घरच्या कापडाच्या दुकानाविषयी एक प्रश्न पडला: ताळेबंदात नफा दिसतो, मग हातात रोकड का नसते? हा प्रश्न परीक्षेत येणार नाही, म्हणून तो सोडून देता येईल. किंवा तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवता येईल.

वाचना म्हणजे शुद्ध पाठ व शुद्ध अर्थ ग्रहण करणे. खेळत्या भांडवलाचे प्रकरण तिच्या पाठ्यपुस्तकात आहेच. ते परीक्षेसाठी नव्हे, प्रश्नासाठी वाचावे.

पृच्छना म्हणजे शंकानिरसनासाठी विचारणे. प्राध्यापकांना सूत्र विचारावे, मुनीमजींना उधारी किती दिवसांनी वसूल होते ते विचारावे, वडिलांना गिरणीचे पैसे किती दिवसांत द्यावे लागतात ते विचारावे. तिघांची उत्तरे एकत्र केल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही.

अनुप्रेक्षा म्हणजे मनात घोळवणे. माल सरासरी ४५ दिवस कपाटात राहतो, विकल्यावर पैसे ६० दिवसांनी येतात, आणि गिरणीला ३० दिवसांत चुकते करावे लागते. म्हणजे ४५ आणि ६० मिळून १०५; त्यातून ३० वजा केल्यास ७५ दिवसांचे पैसे बाजारात अडकून राहतात. रोजची खरेदी २०,००० रुपयांची धरली, तर ही रक्कम १५ लाख होते. नफा खोटा नव्हता. तो कपाटात आणि गिऱ्हाइकांच्या खात्यांत होता.

आम्नाय म्हणजे पुनःपुन्हा शुद्ध उच्चाराने घोकणे. येथे त्याचा अर्थ असा की हा हिशेब एकदा करून थांबू नये; सहा महिने, दर महिन्याच्या आकड्यांवर तो करावा. दिवाळीच्या महिन्यात आणि भर पावसाळ्यात उत्तर वेगळे का येते, हे त्यातूनच उमगते.

शेवटचे अंग उपदेशाचे, म्हणजे दुसऱ्याला सांगण्याचे. आजोबांना घरच्या भाषेत दहा मिनिटांत हे समजावून सांगता आले, तर ते खरोखर समजले आहे. आजोबांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर सुचले नाही, तर पुन्हा वाचनेपासून आरंभ करावा.

या साऱ्यास पैसे लागले नाहीत. महाविद्यालयाने सूत्र दिले, पेढीने आकडे दिले. दोहोंना जोडण्याचे काम मात्र विद्यार्थिनीचेच होते.

उघडलेली दारे

पूर्वी स्वतः शिकलेल्याला त्याचे प्रमाण दाखवणे कठीण जात असे. आता व्यवस्थेनेच काही दारे उघडली आहेत, आणि कुटुंबांना त्यांची माहिती असणे आवश्यक आहे.

भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला आणि नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आणले. तेथे अभ्यासक्रम शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करून त्यांचे श्रेयांक पदवीत धरण्याची मुभा महाविद्यालयांना आहे. प्रवेश घेण्यापूर्वी आपले महाविद्यालय कोणते अभ्यासक्रम मान्य करते, हे लेखी विचारून घ्यावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, असे टप्पे ठरवले. मधे शिक्षण थांबले तरी मिळवलेले श्रेयांक श्रेयांक-पेढीत जमा राहतात. पेढी हा शब्द व्यापारी कुटुंबांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही: जमा केले ते बुडत नाही, पुढे काढता येते, परंतु त्यालाही मुदत असते.

सनदी लेखापाल संस्थेचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. या संस्थेच्या परीक्षांची कठोरता सर्वश्रुत आहे. तिने २०२३ पासून नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणला आणि विद्यार्थ्याने आपल्या गतीने स्वतः अभ्यासून उत्तीर्ण व्हावयाचे चार ऑनलाइन अभ्यासघटक अनिवार्य केले. व्याख्यान, उमेदवारी आणि स्वयंअध्ययन ही तिन्ही अंगे एका सनदेत आवश्यक आहेत, हे त्या संस्थेने नियमातच मान्य केले.

सावधगिरी

स्वतः शिकण्याच्या नावाखाली आज बराच गोंधळही चालतो. महाविद्यालय अर्धवट सोडून उद्योगपती झालेल्या पाच-सात नावांची जपमाळ ओढत कोणी शिक्षण सोडू पाहील, तर त्याला एवढेच विचारावे की सोडलेल्या तासांचे तो काय करणार आहे. त्याच्याजवळ लिहिलेला प्रश्न नसेल, वाचायच्या पुस्तकांची यादी नसेल, चूक दाखवणारा माणूस नसेल, तर तो स्वाध्याय नव्हे, केवळ सुटी होय.

शेअर बाजारात महिनाभरात प्रावीण्य देऊ म्हणणाऱ्या चित्रफिती पाहून अनेक तरुणांनी घरची पुंजी घालवली आहे. पाहणे आणि शिकणे यांत अंतर आहे. ज्या अभ्यासात पृच्छनेला जागा नाही, जेथे शंका विचारणाऱ्याला गप्प केले जाते आणि शुल्क मात्र आधी घेतले जाते, तेथून दूर राहावे. अनेकांतदृष्टी सांगणाऱ्या समाजाने निदान दुसरी बाजू काय म्हणते हे वाचल्यावाचून पैसे लावू नयेत.

स्वतःच परीक्षक होण्यातही धोका आहे. माणूस स्वतःला सहज उत्तीर्ण करतो. म्हणून वर्षातून एकदा तरी परक्याकडून परीक्षा घ्यावी: एखादी विद्यापीठीय परीक्षा द्यावी, एखाद्या जाणकाराकडून वही तपासून घ्यावी, किंवा मंडळात त्या विषयावर बोलून प्रश्नांना सामोरे जावे. पदवीची शिस्त स्वाध्यायाला हवी आहे ती येथे.

घराने द्यावयाचे दान

शिक्षणासाठी समाज सढळ हाताने देतो. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, ग्रंथालये यांची परंपरा मोठी आहे. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्याचा जो पायंडा पाडला, त्याने कित्येक पिढ्या शिकल्या. परंतु त्यांच्याच घरातील एक गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. त्यांची कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. त्या काळी अशा स्त्रीच्या वाट्याला स्वयंपाकघराचा कोपरा येई. माणिकचंदांनी तिच्या अभ्यासाची व्यवस्था घरी केली आणि अभ्यासाला लागणारा वेळ व मोकळीक दिली. मगनबाईंनी पुढे मुंबईत श्राविकाश्रम चालवला आणि कितीतरी निराधार स्त्रियांना अक्षर व उपजीविका यांचे साधन दिले. वडिलांच्या इमारतींइतकेच हे दानही मोलाचे ठरले.

आज सून पदवीधर असावी, अशी अपेक्षा बहुतेक घरे ठेवतात. लग्नानंतर तिने शिकलेले पुढे न्यावे, ही अपेक्षा मात्र क्वचितच बोलून दाखवली जाते. कोणाची सीएची अखेरची परीक्षा राहून जाते, कोणाचे एम.कॉम. पहिल्या वर्षातच थांबते. विरोध कोणी करत नाही. फक्त वेळ कोणी देत नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून घरी राहून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यासही विद्यापीठ अनुदान आयोगाची अनुमती आहे. बाहेरचे अडथळे बरेच कमी झाले आहेत. उरले आहेत ते घरातले.

हीच गोष्ट दुकानात बसलेल्या मुलाची आणि निवृत्त झालेल्या आजोबांचीही आहे. प्रत्येकाचा दिवस दुसऱ्याच्या सोयीने ठरलेला असतो, आणि स्वाध्यायाला लागतो तो नेमका अखंड असा एक तास.

जैन परंपरेने चार दाने सांगितली: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. शास्त्रदान म्हणजे ग्रंथ छापून वाटणे, एवढाच अर्थ रूढ झाला आहे. घरातील कोणाला अभ्यासासाठी रोज एक तास मोकळा करून देणे, त्या वेळात दुकानाचा गल्ला किंवा घरचा स्वयंपाक दुसऱ्याने सांभाळणे, हेही शास्त्रदानच आहे. त्यासाठी पावती फाडावी लागत नाही, फलकावर नाव येत नाही.

आरंभ करण्यासाठी चातुर्मास हा सर्वांत सोयीचा काळ. चार महिने म्हणजे महाविद्यालयाचे जवळजवळ एक सत्र. साधु-साध्वी एका जागी असतात, लग्नसराई नसते, रात्रीची जेवणे लवकर आटोपतात. या काळात घरातील प्रत्येकाने एक धार्मिक ग्रंथ आणि एक लौकिक विषय निवडावा, एक प्रश्न वहीत लिहावा, आठवड्यातून एकदा तो कोणाला तरी विचारावा आणि समाप्तीच्या वेळी घरच्यांपुढे आपण काय शिकलो ते सांगावे. पदवीधराने आपले जुने पाठ्यपुस्तक पुन्हा उघडावे. ज्याला पदवी मिळाली नाही त्याने संकोच न धरता त्याच्या शेजारी बसावे. आणि ज्येष्ठांनी घड्याळ पाहून, त्या एका तासात कोणालाही हाक मारू नये.